वॉटरफोर्डची रेघ आणि माझा राहिलेला एक गुण

बाबांना आयर्लंडात, आमच्याकडे लिमरिकला येऊन तीन आठवडे झाले होते आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ झाली होती. जानेवारीचा शेवट, बाहेर गार वारा, नवऱ्याची ऑन-कॉल ड्यूटी, माझं घरून काम आणि बाबा दिवसभर खिडकीत. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ते मागून शांतपणे म्हणाले, "तो माणूस तेच कुत्रं घेऊन आज तिसऱ्यांदा गेला." मीटिंग संपताच मी शनिवार-रविवारची सहल ठरवून टाकली.

बाबांना किल्ले आणि चर्च दाखवून उपयोग नव्हता. इचलकरंजीजवळच्या एका शाळेत ते पीटीचे मास्तर होते आणि तीस वर्षं कबड्डीचे पंच. त्यांना लागतं मैदान. शोधताशोधता वॉटरफोर्डला शनिवारी दुपारी तीन वाजता रग्बीचा सामना सापडला. इंग्लंडमधले दोन व्यावसायिक संघ हंगाम सुरू व्हायच्या आधी सरावासाठी खेळणार होते. लिमरिकमध्ये राहायचं म्हणजे रग्बीबद्दल थोडंफार कळावंच लागतं, इथे न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे त्यावरच बोलतात. मी दोन तिकिटं काढली आणि हौसेनं दोघांसाठी इथल्या संघाच्या लाल जर्सीही आणल्या. रग्बी म्हणजे रग्बी, असा माझा समज. त्यात दोन प्रकार असतात आणि मी दुसऱ्याच प्रकाराची तिकिटं काढली आहेत, हे कळायला मला वॉटरफोर्डपर्यंत जावं लागलं.

शनिवारी सकाळी आठला निघालो. हिवाळ्यात याआधी निघण्यात अर्थ नाही, उजाडतच नाही. लिमरिक ते किलकेनी साधारण दोन तास. अर्धा रस्ता मोटरवे, नंतर कुंपणांमधून वळणं घेत जाणारे लहान रस्ते. जाणार असाल तर पेट्रोल आणि कॉफी मोटरवेवरच उरकून घ्या, पुढे गावं येतात ती झोपलेली असतात. बाबा शेजारी बसून संपूर्ण प्रवासात उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. अंगात बनियन, शर्ट, स्वेटर, त्यावर लाल जर्सी आणि डोक्यात माकडटोपी. मला हसू येत होतं, पण आमच्यात हसण्याचा कोटा ठरलेला आहे.

आता इथे थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी नववीत असताना आमच्या शाळेच्या मुलींचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला. त्या दिवशी नेमलेले दोन्ही पंच आलेच नाहीत आणि संयोजकांनी एकट्या बाबांना मैदानात उभं केलं. स्वतःची मुलगी खेळतेय म्हणून बाबांनी नको म्हणून पाहिलं, पण दुसरं कुणी नव्हतं. शेवटची चढाई माझी होती. चोवीस-चोवीस अशी बरोबरी. मी कोपऱ्यातल्या मुलीच्या कोपराला बोटं लावली, झोक गेला आणि माझा पाय कडेच्या लॉबीत, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्ट्यात पडला. आधी स्पर्श झाला की लॉबी खेळायला मोकळी असते, स्पर्श न होता पाय पडला तर चढाई करणारी बाद. मी परत येऊन हात वर केला तर शिट्टी वाजली होती. बाबांनी मला बाद दिलं. चोवीस-पंचवीस. हरलो.

घरी आल्यावर मी रडून विचारलं तेव्हा बाबांनी स्पर्धेचं पत्रक काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पंचांचा निर्णय अंतिम राहील. तो विषय तिथेच संपला, म्हणजे त्यांच्यापुरता. मी दहावीचं कारण सांगून कबड्डी सोडली. पुढे पुणं झालं, नोकरी झाली, लग्न झालं, आयर्लंड झालं. आम्ही दोघं सगळ्यावर बोलतो, फक्त त्या चढाईवर नाही. तेवीस वर्षं मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा तरी विचारावं. मला ते सांगताही येत नव्हतं, कारण अडतिशीतल्या बाईनं शाळेतल्या एका गुणाबद्दल बोलावं हे ऐकायलाच कसंतरी वाटतं.

किलकेनी फार देखणं गाव आहे. किल्ल्याच्या मागचं भलंमोठं हिरवं मैदान सगळ्यांना खुलं आहे, तिकीट फक्त आत जायला लागतं. आम्ही आत गेलोच नाही. मैदानाच्या कडेला दोन मुली काठ्या घेऊन हर्लिंग या इथल्या खेळाचा चेंडू एकमेकींकडे मारत होत्या आणि बाबा तिथे पाऊण तास उभे राहिले. मी त्यांना सांगितलं की या खेळात गोलच्या खांबांशी पंच पांढरा कोट घालून उभे असतात. बाबांना हे फारच पटलं. आमच्या तालुक्यात पंचाला पांढरा कोट असता तर लोकांनी दगड मारताना जरा विचार केला असता, असं त्यांचं म्हणणं पडलं. दगडी गल्ल्यांमधून एक चक्कर मारली, गरम सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड खाल्ला. बाबांनी खिशातून लसणाच्या चटणीची डबी काढली तेव्हा मी मेनूकार्ड वाचायला घेतलं.

किलकेनीहून वॉटरफोर्ड पाऊण तासावर. अडीचला मैदानात शिरलो आणि पाहिलं तर एका बाजूला सगळे पिवळे, दुसऱ्या बाजूला सगळे निळे आणि मधे आम्ही दोघं लालभडक. लोक वळूनवळून बघत होते. संघ मैदानात उतरले तशी बाबांनी सवयीनं मोजणी केली.

"पंधरा म्हणालीस की गं. हे तेरा-तेराच हायत."

मी मोजले. खरंच तेरा होते. मी घाईघाईनं फोनवर शोधलं आणि शरमेनं बाबांना सांगितलं की हा रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ आहे, लिमरिकचा तो रग्बी हा नव्हे. मला वाटलं दिवस फुकट गेला. पण दहाव्या मिनिटापर्यंत बाबा खुर्चीच्या टोकावर आले होते. एक गडी चेंडू घेऊन एकटा समोरच्या फळीवर जातो, तिघे-चौघे त्याला कव घालून पाडतात, तो उठतो, चेंडू पायामागं सरकवतो, पुन्हा दुसरा जातो. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याला. बाबा प्रत्येक पकडीला बोट दुमडून मोजायला लागले. "हे आपलंच हाय की," ते म्हणाले. "फक्त चेंडू कशाला घेतलाय कळत न्हाई."

मध्यंतरात त्यांनी मला दोन्ही संघांचे कोपरे, त्यांची कच्ची बाजू आणि निळ्यांचा चार नंबर कसा दमला आहे हे सगळं समजावलं. मला कबड्डी सोडून इतकी वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघितलं की अजून दिसत होतं. त्याचा मला राग आला आणि बरंही वाटलं.

शेवटच्या मिनिटाला निळे वीस, पिवळे अठरा. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की चार गुण, म्हणजे पिवळ्यांना एवढं जमलं तर सामना त्यांचा. पिवळ्यांचा कडेचा खेळाडू आमच्याच समोरच्या कोपऱ्याकडे सुटला, दोन निळे अंगावर आले, त्यानं हवेतच झेप घेतली आणि एका हातानं चेंडू टेकवला. अख्खी पिवळी बाजू उभी राहिली. आणि कडेच्या रेषापंचानं निशाण वर केलं. पाय आधी बाहेरच्या रेषेला लागला, गुण नाही.

त्यानंतर जो काही गोंधळ झाला तो मी शब्दांत पकडू शकत नाही. सराव सामना असल्यामुळे व्हिडिओ बघून ठरवणारा पंच नव्हता, त्यामुळे जो तो आपला व्हिडिओ काढून पंचाच्या दिशेनं नाचवत होता. सामना संपला, खेळाडू एकमेकांना मिठ्या मारून आत गेले, तरी लोक भांडत होते. मीसुद्धा. चेंडू टेकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता आणि मी एका अनोळखी पिवळ्या बाईला तावातावानं पाठिंबा देत होते. बाबा हाताची घडी घालून गप्प बसले होते.

मुक्काम गावाबाहेरच्या एका बी-अँड-बीमध्ये होता. दोन खोल्या, सकाळचा नाश्ता धरून भाडं हॉटेलच्या निम्म्यात आणि ब्रीडा नावाच्या मालकीणबाई, ज्यांना जगातली प्रत्येक गोष्ट ग्रँड वाटते. आम्ही दमलो होतो, नऊला झोपलो.

सकाळी नाश्त्याला खाली आलो तर तोच सामना टेबलावर चालू होता. एकाच टेबलाशी दोन साठीचे इंग्रज, एकाच्या अंगात पिवळी जर्सी, दुसऱ्याच्या निळी. पिवळा ट्रेव्हर, निळा नील. सख्खे साले-मेहुणे, उत्तर इंग्लंडातून वेल्सपर्यंत गाडीनं आणि तिथून फेरीबोटीनं आलेले. कालच्या संध्याकाळपासून बोलणं बंद होतं आणि दोघांचीही सगळी वाक्यं ब्रीडाबाईंमार्फत जात होती. ट्रेव्हर म्हणत होता की आपल्याला लुटलं. नील म्हणत होता की नियम म्हणजे नियम. परतीची बोट दुपारी होती आणि एकाच गाडीतून इतका लांबचा प्रवास होता.

ब्रीडाबाईंनी आमच्यासमोर ब्ला ठेवले. ब्ला म्हणजे वॉटरफोर्डचा मऊ, वरून पीठ भुरभुरलेला पाव, इथे आलात तर तो खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मग आमच्या लाल जर्सी बघून त्या दोघांना म्हणाल्या, "अरे, त्या साहेबांनाच विचारा ना. ते तुमच्यातल्या कुणाचेच नाहीत."

मी सांगितलं की माझे वडील तीस वर्षं एका भारतीय खेळाचे पंच होते. ट्रेव्हरनं लगेच खुर्ची वळवली. मला आतून भीती वाटत होती, कारण बाबा काय म्हणणार हे मला ठाऊक होतं आणि मी ट्रेव्हरच्या बाजूची होते.

बाबांनी आधी ब्ला संपवला, हात पुसले आणि मला म्हणाले, "त्यांना विचार, त्या वेळी तुम्ही काय बघत होता? हात का पाय?"

मी इंग्रजीत विचारलं. ट्रेव्हर म्हणाला, चेंडू. नील जरा अडखळला आणि म्हणाला, चेंडूच. ब्रीडाबाई मैदानात नव्हत्या तरी म्हणाल्या, चेंडू. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मीपण चेंडूच, म्हणजे हात.

"सगळी दुनिया हात बघती," बाबा म्हणाले. "रेषेवरच्या माणसानं पाय बघायचा. त्याला हात बघायची परवानगीच न्हाई."

त्यांनी ट्रेव्हरचा फोन मागितला. त्याचा व्हिडिओ चांगला होता, थेट कोपऱ्यावरून काढलेला, आणि तो त्यानं रात्रभरात शंभर वेळा पाहिला असणार. बाबांनी कागदी रुमालाची घडी करून स्क्रीनचा वरचा अर्धा भाग झाकला. आता फक्त गवत, पांढरी रेघ आणि बूट दिसत होते. व्हिडिओ हळू चालवायला सांगितला. चौघं वाकून बघत होतो. बूट आले, एक पाय उचलला गेला, दुसऱ्या पायाचा चवडा घसरत रेघेवरून गेला आणि ओल्या रंगाचा एक पांढरा पट्टा गवतावर ओढला गेला. बाबा म्हणाले, थांबव. मग त्यांनी रुमाल काढला.

चेंडू अजून हवेत होता, जमिनीपासून चांगला वीतभर वर.

ट्रेव्हरनं स्वतःच्या हातानं रुमाल पुन्हा ठेवून पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. मग त्यानं फोन उलटा ठेवला आणि उभा राहून बाबांशी हात मिळवला. "पाय लागलाय," तो म्हणाला. "पण मी हे बोललो असं आमच्या गावात कुणाला सांगू नका." आणि कालच्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा थेट मेहुण्याकडे वळून त्यानं लोणी मागितलं. नीलनं लोण्याबरोबर आपल्या ताटातलं सॉसेजही दिलं. ब्रीडाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या की तुमचे वडील म्हणजे एकदम ग्रँड माणूस. मी भाषांतर केलं. बाबा लाजले. निवृत्तीनंतर मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पण माझं मन नववीतल्या त्या चढाईकडेच जात होतं. हात का पाय, हे मीच माझ्या तोंडानं इंग्रजीत विचारलं होतं.

अकरा वाजता सामान गाडीत टाकून आम्ही नदीकाठच्या धक्क्यावर फिरायला गेलो. वॉटरफोर्डचा हा काठ लांबलचक आणि सपाट आहे, गार वारा सोसत असेल तर सकाळी जरूर चाला. बाबा पुढे, मी मागे. थोडं चालल्यावर मी थांबले आणि पाठीमागूनच विचारलं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही काय बघत होता?"

कुठला दिवस हे त्यांनी विचारलं नाही. ते वळले.

"पाय," ते म्हणाले. "दोघांचं काम एकट्यावर आलं हुतं. हात बघायचा पंच आलाच न्हवता. मी पाय बघितला. पाय लॉबीत हुता, ते खरं हाय."

"होता," मी म्हणाले.

"हाताचं मला ठावं न्हाई. मी बघितलाच न्हाई. आणि बघितला न्हाई हे घरात कबूल करायला जड गेलं, म्हणून पत्रक दाखवलं." मग त्यांनी माकडटोपी काढली आणि पंच विचारतात तशा सरळ आवाजात विचारलं, "लागला हुता का?"

तेवीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. त्यात पुरावे होते, साक्षीदार होते, टोमणे होते. तोंडातून एवढंच आलं, "लागला होता. कोपराला, दोन बोटं. पाय नंतर पडला."

बाबांनी मान हलवली. मग धक्क्याच्या मधोमध, सायकलवाले बाजूनं जात असताना, ते दोन पावलं मागे सरकले, पाय जुळवले आणि माझ्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढला. दुसऱ्या हाताचं एक बोट वर.

"स्पर्श. चढाईला एक गुण. पंचवीस-चोवीस." त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी ते पूर्ण केलं. "तुमी जिंकलाय."

मी जिंकले. ऑफिसातल्या बढत्या, गाडीची परीक्षा, नागरिकत्वाचा अर्ज, यातल्या कशानंच मला असं वाटलं नव्हतं. मी आयर्लंडमधल्या एका धक्क्यावर दोन्ही हात वर करून ओरडले आणि एक बाई कुत्र्याला घेऊन जरा लांबून गेली. बाबा त्या कुत्र्याचं नाव विचारायलाही विसरले.

परत येताना एन-चोवीस हा रस्ता घेतला. टोल नाही, पण गावागावांतून जातो आणि पुढे ट्रॅक्टर लागला तर त्याच्या मागंच जायचं. दोन तास धरा. आम्हाला ट्रॅक्टर दोन लागले आणि आमची काही तक्रार नव्हती. बाबांनी संपूर्ण रस्ताभर तालुक्याच्या त्या सामन्यातली एकेक चढाई पहिल्यापासून सांगितली. सगळ्या त्यांना आठवत होत्या. म्हणजे तेही तो सामना मनात रोज खेळत होते, हे मला क्लॉनमेलच्या पुढे कुठेतरी कळलं. ब्रेक मात्र त्यांनी एकदाही दाबला नाही.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते, भारतात रात्रीचे साडेआठ. मी चहा टाकला आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं, "आपण तालुका जिंकलो. पंचवीस-चोवीस. मास्तरांनी आज निर्णय दिला." आमची कर्णधार सुनंदा आता हातकणंगल्याला असते. तिनं आधी विचारलं, बरी आहेस ना. मग बाबांनी स्वतः फोन घेऊन, घसा साफ करून, मैदानावर सांगतात तसा संपूर्ण निकाल बोलून पाठवला. मग फटाके, बदाम, रडके चेहरे, आणि गोलरक्षकासारखी कोपरा सांभाळणारी आमची शैला, जी कधीच काही लिहीत नाही, तिचा एकच शब्द, "शेवटी."

सुनंदाचा पुढचा निरोप आला. "मास्तरांना विचार, ढाल कधी देणार. आणि अजून एक. तू जिच्या कोपराला हात लावलास ती मंगल आता माझी धाकटी जाऊ आहे. इथंच भाकरी थापतीय. म्हणते, हात लागलाच नव्हता."

मी तो निरोप बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. बाबांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तिला लिही," ते म्हणाले, "पंचांचा निर्णय अंतिम राहील."